दुर्गा खोटे

दुर्गा खोटे (जन्म : १४ जानेवारी १९०५, मुंबई, मृत्यू : २२ सप्टेंबर १९९१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील तसेच मराठी रंगभूमीवरील ख्यातनाम अभिनेत्री होत्या. त्यांची कारकीर्द सुमारे पन्नास वर्षांची होती. सुशिक्षित व प्रतिष्ठित घरातील स्त्रीने चित्रपटात काम करणे समाजाला अमान्य होते, त्या काळात त्यांनी या व्यवसायात प्रवेश केला आणि आपल्या कामाने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९८३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराच्या त्या मानकरी होत.

बालपण आणि शिक्षण

दुर्गाबाईंचे माहेरचे आडनाव लाड. हे कुटुंब मूळचे गोव्याचे. घरात कोंकणी बोलली जाई. वडील पांडुरंग लाड हे मुंबईतील नामांकित सॉलिसिटर होते. गिरगावातील कांदेवाडीत लाडांचे मोठे एकत्र कुटुंब राहत असे. मुलींच्या शिक्षणाविषयी समाज उदासीन असताना दुर्गाबाईंना मात्र कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात शिक्षण मिळाले.

विवाह आणि प्रतिकूल काळ

महाविद्यालयीन वयातच त्यांचा विवाह खोटे या धनाढ्य घराण्यातील विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. विश्वनाथ हे बनारस हिंदू विश्वविद्यालयातून पदवी घेतलेले यंत्र अभियंता होते. या दांपत्याला बकुळ व हरीन असे दोन मुलगे झाले. पुढे सासरची आर्थिक स्थिती ढासळली आणि चरितार्थाचा प्रश्न उभा राहिला. दुर्गाबाईंनी प्रथम शिकवण्या केल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यामुळे दोन्ही मुलांच्या संगोपनाचा भारही त्यांच्यावर पडला. अभिनय ही त्यांच्यासाठी आरंभी हौस नव्हती, तर स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा मार्ग होता.

चित्रपटप्रवेश

१९३१ साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात दुर्गाबाईंनी एक लहान भूमिका केली. मूकपटांचा काळ संपून बोलपटांचा नुकताच आरंभ झाला होता. हा चित्रपटही मुख्यतः मूक असून त्याला बोलका भाग जोडलेला होता. जाहिरातीत त्यांच्या माहेरच्या व सासरच्या प्रतिष्ठेचा उपयोग करून घेण्यात आला. चित्रपट सामान्य निघाला आणि दोन्ही घराण्यांना लोकनिंदा सोसावी लागली. हा अनुभव इतका कटू होता, की त्यांची कारकीर्द तेथेच संपण्याचा संभव होता.

परंतु कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यांच्यातील गुण हेरले आणि कंपनीच्या पहिल्या बोलपटात नायिकेची भूमिका देऊ केली. ‘अयोध्येचा राजा’ हा तो बोलपट १९३२ साली मराठी व हिंदी अशा दोन भाषांत प्रदर्शित झाला. मराठीतील पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो. गोविंदराव टेंबे यांनी हरिश्चंद्राची, तर दुर्गाबाईंनी तारामतीची भूमिका केली. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाली नसल्याने नटांना आपली गाणी स्वतःच गावी लागत. दुर्गाबाईंनीही ती गायिली.

या भूमिकेचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार झाली नाही आणि उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला ती करावी लागली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले खरे, तथापि पांढरपेशा कुटुंबांचा विरोध पुढे कितीतरी वर्षे टिकून होता. तीच तारामती एकोणीस वर्षांनंतर महाविद्यालयात शिकलेल्या, सॉलिसिटरच्या कन्येने रंगवली आणि प्रेक्षकांनी तिचा गौरव केला. पुढील काळात अनेक सुशिक्षित तरुणींना या क्षेत्राची वाट मोकळी झाली, त्याचे मोठे श्रेय या यशाला दिले जाते.

मुक्त कलावंत म्हणून वाटचाल

‘अयोध्येचा राजा’नंतर त्याच वर्षी प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्यांनी स्त्रीराज्याच्या राणीची भूमिका केली. त्या काळी नटनट्या एकाच कंपनीत मासिक वेतनावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी मात्र निरनिराळ्या कंपन्यांत काम करण्याचा मार्ग पत्करला. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) या चित्रपटात त्या मीरा झाल्या. देवकी बोस दिग्दर्शित ‘सीता’ (१९३४) हा त्यांचा चित्रपट व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. १९३६ साली त्या पुन्हा प्रभातमध्ये आल्या व ‘अमर ज्योती’त सौदामिनी झाल्या. आपल्या पुत्रावरचा हक्क नाकारला गेल्यामुळे बंड करून समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या या स्त्रीची भूमिका त्यांच्या श्रेष्ठ भूमिकांत गणली जाते.

१९३७ साली ‘साथी’ या चित्रपटाची निर्मिती करून त्या निर्मितीच्या क्षेत्रातही उतरल्या. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१) मधील सासू आणि विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ (१९४२) मधील कैकेयी या भूमिकांनी त्या केवळ नायिकेच्या चौकटीत अडकलेल्या नाहीत, हे सिद्ध केले.

रंगभूमी आणि उत्तरकाळ

चित्रपटांबरोबरच मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यकार्यात त्यांचा सहभाग होता. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चे वि. वा. शिरवाडकर यांनी केलेले रूपांतर ‘राजमुकुट’ यातही त्यांनी भूमिका केली. पुढे त्यांनी अनुबोधपट व जाहिरातपटांची निर्मिती केली. त्यांनी स्थापन केलेल्या दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स या संस्थेने दूरदर्शनवरील ‘वागळे की दुनिया’ ही लोकप्रिय मालिका निर्माण केली.

उत्तरायुष्यात त्यांनी प्रामुख्याने आई, आजी अशा चरित्रभूमिका केल्या. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध असून शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे.

निवडक भूमिका

• अयोध्येचा राजा (१९३२) – तारामती
• राजरानी मीरा (१९३३) – मीरा
• सीता (१९३४) – सीता
• अमर ज्योती (१९३६) – सौदामिनी
• भरत मिलाप (१९४२) – कैकेयी
• पृथ्वीवल्लभ (१९४३) – मृणालवती
• मुगल-ए-आझम (१९६०) – जोधाबाई
• बॉबी (१९७३) – नायिकेची आजी

पुरस्कार व सन्मान

• संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९५८)
• पद्मश्री (१९६८)
• ‘बिदाई’ (१९७४) या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार
• दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३)