पी. आर. पिशारोटी

पिशारोथ रामा पिशारोटी (१० फेब्रुवारी १९०९, कोल्लेंगोडे, केरळ – २४ सप्टेंबर २००२, पुणे) हे भारतीय हवामानशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते संस्थापक संचालक होत. भारतातील सुदूर संवेदनाचे जनक म्हणूनही ते ओळखले जातात.

शिक्षण व प्रारंभीची कारकीर्द
भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही काळ महाविद्यालयात अध्यापन केले. सुट्ट्यांमध्ये बंगळूर येथे सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. १९४२ मध्ये ते भारतीय हवामान विभागात रुजू झाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात याकोब ब्यर्कनेस यांच्या हाताखाली अभ्यास करून १९५४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९५९ मध्ये ते कुलाबा व अलिबाग येथील वेधशाळांचे संचालक झाले.

मान्सूनवरील संशोधन
१९५७ मध्ये त्यांनी जी. सी. अस्नानी यांच्यासह बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या तीव्र क्षेत्रांभोवतीच्या पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा क्षेत्राच्या मार्गाच्या डाव्या बाजूस अतिवृष्टीचा पट्टा असतो, हे त्यांनी दाखवले. ओडिशा व छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा क्षेत्रांमुळे गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत मुसळधार पाऊस पडून वैनगंगेस पूर येतात. तेथील पूर्वसूचनेच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

विमानातून निरीक्षणे
समुद्रावर वेधशाळा नसल्यामुळे चक्रीवादळाच्या अंतर्भागातील दाब, तापमान व वारा मोजण्यास विमान हे त्या काळी प्रमुख साधन होते. मात्र ते अत्यंत खर्चिक होते. अमेरिकेत १९५४ च्या विनाशकारी वादळांनंतर शासनाने या संशोधनासाठी निधी दिला. भारताकडे अशी विमाने नव्हती. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात अमेरिकी हवामान विभागाची संशोधन विमाने मुंबईस आली आणि मे १९६३ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळाची त्यांनी निरीक्षणे घेतली. मोहिमेचे आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र कुलाब्यास होते.

मोहिमेतील माहितीच्या आधारे पिशारोटी यांनी १९६५ मध्ये असे मत मांडले की, मान्सूनचे बाष्प मुख्यतः अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून येते. पुढे के. आर. साहा व एस. एन. बावडेकर यांनी १९७३ मध्ये विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या बाष्पाचा वाटा अधिक असल्याचे दाखवले. या मतभेदामुळे समुद्रावरील निरीक्षणांची निकड स्पष्ट झाली. १९७९ च्या मोनेक्स मोहिमेतही परदेशी संशोधन विमानांची मदत घ्यावी लागली.

संस्था उभारणी व सुदूर संवेदन
१७ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात संस्था स्थापन झाली. १९६७ मध्ये निवृत्त झाल्यावर ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत प्राध्यापक झाले. १९७० मध्ये केरळातील नारळाच्या बागांवरील रोग हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रणाने ओळखण्याचा प्रयोग त्यांनी केला. याच शाखेचा पुढे उपग्रहांद्वारे विस्तार झाला. आज चक्रीवादळांचा मागोवा घेण्यासाठी भारत मुख्यतः उपग्रह व रडार यांवर अवलंबून आहे. महाराष्ट्रात सर्वाधिक वनक्षेत्र असलेल्या गडचिरोलीतील वनाच्छादनाची मोजणीही उपग्रह-चित्रांवरून होते.

सन्मान
पद्मश्री (१९७०)
जागतिक हवामान संघटनेचा आय.एम.ओ. पुरस्कार (१९८९)