गरिबांच्या मुलांचे गुरुजी

कोकणात दापोली तालुक्यात पालगड नावाचे एक गाव आहे. भाताची खाचरे, आंबा-फणसाची झाडे आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे ओढे, असा तो मुलूख. ह्या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी ह्या नावाने ओळखू लागला.

साने घराणे खोतांचे होते. गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरण्याचे काम खोताकडे असे. आजोबांच्या काळी घरात धनधान्य होते, माणसांचा राबता होता. परंतु पांडुरंगाच्या बालपणीच घराला उतरती कळा लागली. वाटण्या झाल्या, कर्ज वाढत गेले आणि पूर्वीचे वैभव हां हां म्हणता नाहीसे झाले. वडील सदाशिवराव स्वभावाने सरळ होते, पण पडती बाजू त्यांना सावरता आली नाही. आई यशोदाबाई मात्र मोठ्या धीराची बाई. घरात आज तेल असले तर मीठ नसे. तरीही मुलांना वळण लावण्याचे काम तिने क्षणभरही थांबवले नाही.

पांडुरंग दापोलीच्या शाळेत शिकत होता. पुढे खर्च झेपेना. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून तो इतक्या लांब औंधला गेला, आणि तेथून पुण्यास आला. परक्या गावी हाताने स्वयंपाक करावा, कधी अर्धपोटी राहावे, पण अभ्यास सोडू नये, असा त्याचा क्रम होता. अशातच १९१७ साली आई वारली. अखेरच्या क्षणी तो तिच्याजवळ नव्हता. हे दुःख त्याच्या मनात कायमचे घर करून राहिले.

कष्टाने एम. ए. होऊन पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली खानदेशातील अमळनेर येथे शाळेत शिक्षक झाले. लवकरच तेथील छात्रालय त्यांच्याकडे सोपवण्यात आले. घरदार सोडून शिकायला आलेल्या मुलांचे मन कसे असते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे धुऊन नीट घडी करून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर बसत. गरीब विद्यार्थ्यांसाठी स्वतःचा पगार खर्च करीत. मुलांनी लिहावे, वाचावे, विचार करावा म्हणून त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवले आणि पुढे ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढले. आईने आपल्याला जे दिले, तेच ते ह्या मुलांना देत होते.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली आणि ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. त्यांना कारावास घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी गीतेवर प्रवचने दिली. ती उतरून घेण्याचे काम गुरुजींनी केले. आज आपण ‘गीता प्रवचने’ वाचू शकतो, ते त्यांच्या त्या झपाट्याने चालणाऱ्या लेखणीमुळेच.

पुढे गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तेथे फेब्रुवारी १९३३ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहावयास घेतले. दिवसा तुरुंगातील काम करावे आणि उरलेल्या वेळात व रात्री लिहीत बसावे. ९ तारखेला आरंभ केला आणि १३ तारखेच्या पहाटे त्याचा बहुतेक भाग लिहून झालाही! हे पुस्तक म्हणजेच ‘श्यामची आई’. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले.

त्या काळी मुलांच्या हाती पडणाऱ्या पुस्तकांत राजेराण्या, शूर वीर आणि चतुर प्राणी यांच्या गोष्टी पुष्कळ असत. गरीब घरातील मुलाने आपल्याच घराची गोष्ट जशीच्या तशी सांगावी, हे नवीन होते. दूर इंग्लंडात चार्ल्स डिकन्स यांनी ऑलिव्हर ट्विस्ट ह्या पोरक्या मुलाची कथा शंभर वर्षांपूर्वी लिहिली होती. डिकन्स यांचे वडीलही कर्जापायी तुरुंगात गेले होते आणि बारा वर्षांच्या त्या मुलाला कारखान्यात राबावे लागले होते. ज्याने कर्जाचे चटके बालपणी सोसले, त्याच्याच लेखणीतून अशी कथा उतरली, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच दिसते.

‘श्यामची आई’ मधील श्याम म्हणजे बव्हंशी स्वतः गुरुजीच. आश्रमात रात्री जमलेल्या मित्रांना तो आपल्या आईच्या आठवणी सांगतो. आईबापांना राहते घर सोडावे लागते. माहेरच्या आश्रयाने किती दिवस राहावे, असे आईला वाटते. ती अंगावरचे उरलेसुरले सोने मोडावयास काढते आणि एक साधी झोपडी उभी राहते. ती लहान असते, पण आपली असते. म्हणून तेथे आईला समाधान लाभते.

ते समाधानही फार दिवस टिकत नाही. सावकाराचे कर्ज फिटत नाही. एके दिवशी दवंडीवाला गावात फिरतो आणि श्यामच्या घरावर जप्ती येणार असल्याचे साऱ्या गावाला ऐकू जाते. अब्रूला जपणाऱ्या त्या माउलीला हा घाव सोसत नाही. ती अंथरूण धरते आणि त्या आजारातून उठत नाही. गरिबीत अन्नाची ददात असते हे सर्वांना कळते. पण चारचौघांत मान खाली घालावी लागते, हे दुःख त्याहून खोल असते. गुरुजींनी ते लपवले नाही. वाचणारी मुले लहान आहेत म्हणून त्यांनी शेवटही गोड केला नाही.

पण पुस्तकात केवळ रडगाणे नाही. दापोलीस शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात चालत घरी नेतो. घरात स्वतःचीच ओढाताण असताना श्यामची आई कांडप करणाऱ्या आजारी मथुरीची विचारपूस करते. मोळी उचलता न येणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या वृद्धेला हात देण्यास ती श्यामला सांगते. आपण गरीब आहोत म्हणून दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवावी, असे तिला कधीच वाटत नाही.

त्या वृद्धेची आठवण गुरुजी विसरले नाहीत. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मने वळवण्याचा प्रयत्न केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. दहा दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. शेवटी मंदिराची दारे सर्वांसाठी उघडण्याचा निर्णय झाला. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, यासाठी आंतरभारतीचे स्वप्नही त्यांनी पाहिले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुस्तक मात्र मुलांच्या हातून हातात जात राहिले. गरीब विद्यार्थ्यांना आसरा देण्यासाठी १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने ते वर्षानुवर्षे छापले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि १९५४ साली त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

श्यामची गोष्ट कोकणातली खरी. परंतु गोंदिया जिल्ह्यातील सौंदडसारख्या, भाताच्याच मुलखातल्या गावी बसून ती वाचणाऱ्या मुलालाही ती परकी वाटू नये. पाऊस हुकला की पीक जाते आणि घरात चिंता शिरते, हे तेथेही ठाऊक असते. आपल्या वर्गात एखाद्याचा सदरा विरलेला असतो, एखाद्याचा डबा रोज रिकामा असतो, एखाद्याचे बिऱ्हाड कामामागे गावोगाव हिंडत असते. त्याला न हसता आपल्या शेजारी बसवून घ्यावे, आपल्या डब्यातला घास त्याच्याबरोबर खावा. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी दुसरे काय करीत होते?