विश्लेषण : रक्तचाचणीच्या ‘किट’मागच्या डॉक्टरचे नोबेल का हुकले?

थायरॉइडपासून कर्करोगापर्यंतच्या कितीतरी रक्तचाचण्यांचे मूळ न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात आहे. तिथे डॉ. सॉलोमन बर्सन आणि भौतिकशास्त्रज्ञ रोझलिन यॅलो यांनी ‘रेडिओइम्युनोअसे’ ही पद्धत शोधली. तिच्यासाठी १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल मिळाले. बर्सन यांना मात्र नाही.

कोण होते बर्सन?

जन्म १९१८, न्यूयॉर्क. बुद्धिबळ आणि व्हायोलिन दोन्हींत गती. तरीही वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांचे अर्ज एकामागून एक फेटाळले. शेवटी न्यूयॉर्क विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि १९४५ मध्ये ते डॉक्टर झाले. लष्करी सेवेनंतर ते ब्राँक्सला आले आणि १९५० पासून यॅलो यांच्यासोबत काम करू लागले. बर्सन यांच्याकडे वैद्यक, यॅलो यांच्याकडे भौतिकशास्त्र. ही जोडी २० हून अधिक वर्षे टिकली.

शोध काय होता?

त्या काळी मधुमेहींना गाई-डुकरांपासून काढलेले इन्सुलिन टोचत. किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्सुलिन दिल्यावर ते या रुग्णांच्या रक्तातून सावकाश नाहीसे होते, असे दोघांना आढळले. कारण शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती. इन्सुलिनच्या एवढ्याशा रेणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे तेव्हाच्या जाणकारांना पटेना. शोधनिबंध नाकारला गेला. अखेर शीर्षकातून प्रतिपिंड हा शब्द वगळल्यावर तो १९५६ मध्ये छापून आला.

पुढची कल्पना यातूनच सुचली. प्रतिपिंडे मोजकीच ठेवायची आणि त्यांच्यावर किरणोत्सारी इन्सुलिन व रुग्णाचे इन्सुलिन यांची स्पर्धा लावायची. रुग्णाचे जितके जास्त, तितके किरणोत्सारी कमी चिकटते. १९६० मध्ये या पद्धतीने माणसाच्या रक्तातले इन्सुलिन मोजल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. पेटंट मात्र घेतले नाही, शिकायला येणाऱ्यांना ती खुशाल शिकवली.

आजच्या किटशी संबंध काय?

१९७१ मध्ये ‘एलायझा’ आली. किरणोत्सर्गाऐवजी आता रंग मोजतात. शरीरात ग्लुकोज मोडणाऱ्या साखळीतील ‘एनोलेज’ हे एन्झाइम घ्या. त्याचा मज्जापेशींत आढळणारा प्रकार फुफ्फुसाच्या एका कर्करोगात रक्तात वाढू शकतो. किटमधील एक प्रतिपिंड त्याला पकडते, दुसरे खूण लावते. रंग जितका गडद, तितके एन्झाइम जास्त.

मग नोबेल का नाही?

१९६८ मध्ये बर्सन माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयात विभागप्रमुख झाले. ११ एप्रिल १९७२ रोजी अटलांटिक सिटीतील एका परिषदेदरम्यान हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही. यॅलो यांनी प्रयोगशाळेलाच बर्सन यांचे नाव देण्याचा आग्रह धरला, म्हणजे तिथून निघणाऱ्या प्रत्येक निबंधावर ते छापले जाणार होते.