लोकमान्यांची मोजलेली पानं आणि मागचं दार

इस्लापूरच्या स्टँडवर किनवटच्या गाडीची वाट बघत तुम्ही मोबाईल काढता. रेंज येते, जाते. ग्रुपवर एक जोक टाकता, घरी एक मेसेज करता. चॅटच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे तुम्ही आणि समोरचा, दोघांशिवाय कुणालाच वाचता येणार नाही. ही ओळ तुम्ही शेवटची कधी वाचली? आज जरा वाचा, कारण त्याच ओळीवरून जगभर सरकारं आणि कंपन्यांचं भांडण चाललंय. सरकार म्हणतं, आमच्यासाठी एक मागचं दार ठेवा. कंपनी म्हणते, मागचं दार एकदा बसवलं की त्यातून चोरही येणार.

आता तुम्हाला वाटेल, यात लोकमान्य टिळक कुठून आले? दहावीच्या पुस्तकातले पगडीवाले टिळक जरा बाजूला ठेवा. आपल्या भागातल्या पोरांना एवढं तरी माहीत असावं की या माणसाने लातूरला भागीदारीत कापसाची जिनिंग फॅक्टरी काढली होती. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. गणिताचे मास्तर, वकिलीचे क्लास घेणारे, 'केसरी'चे संपादक आणि वर कापसाचा धंदा, असा हा रत्नागिरीत 1856 साली जन्मलेला खटपट्या माणूस.

1897 साली पुण्यात प्लेग होता. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि महिनाभरात, 27 जुलैला, टिळकांना मुंबईत अटक झाली. गुन्हा काय, तर 'केसरी'त छापलेला मजकूर. राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ते आत असतानाच, 1898 च्या सुरुवातीला, सरकारने तीन कायदे पास केले. एकाने राजद्रोहाचं कलम आणखी रुंद केलं. दुसऱ्यात, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, असा मजकूर पसरवणाऱ्याकडून चांगल्या वागणुकीचा जामीन मागायची सोय आली, कलम 108. तिसरा टपाल कायदा. त्याच्या कलम 26 ने सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली कुणाचंही टपाल अडवायची मुभा दिली. तारांसाठी तशी सोय 1885 पासूनच होती.

बघा, तेव्हा मागच्या दाराची गरजच नव्हती. टपाल सरकारचं, तार सरकारची. पुढच्या दाराची किल्लीच त्यांच्या खिशात!

1908 साली बाँब प्रकरणावरच्या अग्रलेखांवरून टिळकांना पुन्हा पकडलं. घराची झडती झाली आणि टेबलाच्या खणात एक पोस्टकार्ड सापडलं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं. झालं, सरकारी वकिलाच्या हाती कोलीतच मिळालं. टिळकांचं म्हणणं साधं होतं: स्फोटकांचा नवा कायदा आलाय, त्यावर लिहायचं तर स्फोटक म्हणजे काय ते वाचायला नको का? आता तुमची सर्च हिस्टरी आठवा. परीक्षेसाठी, वादासाठी, नुसत्या उत्सुकतेपोटी काय काय शोधलेलं असतं आपण. ते कुणी संदर्भ काढून टेबलावर मांडलं तर?

दुसरी अडचण भाषेची. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठी लेख त्यांनी वाचले ते सरकारी इंग्रजी भाषांतरातून. टिळक स्वतःच उभे राहिले आणि काही दिवस मिळून सुमारे 21 तास बोलले. त्यातला बराच वेळ अमुक मराठी शब्दाचा अर्थ असा होत नाही, हे समजावण्यात गेला. शेवटी सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. हेच दावर 1897 मध्ये टिळकांच्या जामिनासाठी कोर्टात उभे होते, हे एक नवलच.

मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं गेलं, हे तुम्हाला पाठ आहे. कसं लिहिलं ते मात्र कुणी सांगत नाही. सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या वह्या मिळत आणि त्यांची पानं मोजून पुढे आकडा लिहिलेला असे, म्हणजे एक पानसुद्धा फाडून बाहेर जायला नको. शाई नाही, शिसपेन्सिल, तीही आधीच टोक करून दिलेली. 1910-11 च्या हिवाळ्यात ते पुस्तक त्यांनी असं लिहून काढलं. घरची पत्रं तुरुंगाच्या नजरेखालून यायची-जायची. 1912 च्या जूनमध्ये सत्यभामाबाई गेल्या, ते तारेने कळलं. पोरांच्या शिक्षणात खंड पडू देऊ नका, असं त्यांनी भाच्याला कळवलं. बायको गेल्याचं दुःखही परक्याच्या डोळ्यांखालून पाठवायचं! मला या सगळ्यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

1914 च्या जूनमध्ये सुटका झाली, पण वह्या लगेच हातात पडल्या नाहीत. सरकार देतंय की नाही, अशी लोकांना धास्ती. टिळक निर्धास्त होते, कारण सगळं डोक्यात होतं आणि ते पुन्हा लिहून काढायची त्यांची तयारी होती. वह्या मिळाल्या आणि 1915 साली पुस्तक छापलं.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर लेख एकतर्फी होईल. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, मंगळवेढ्याकडची डवरी गोसावी समाजाची माणसं. पोरं पळवणारी टोळी आली, ही अफवा मोबाईलवरून फिरत होती. पहिला मेसेज कुणी टाकला ते सांगा, ही सरकारची मागणी अशा घटनांनंतर जोरात आली, आणि ती फालतू नाही. 2021 च्या नियमांत ती कंपन्यांवर बंधनकारक झाली. व्हॉट्सॲप दिल्ली हायकोर्टात गेलं. 2024 मध्ये त्यांच्या वकिलाने कोर्टाला सांगितलं की कुलूप तोडायला लावलं तर आम्ही भारतातून जाऊ. त्याआधी ब्लॅकबेरीवर असाच दबाव आला होता. त्या कंपनीने नमतं घेत मुंबईत सर्व्हर बसवला.

अफवेचा माग काढायला बसवलेलं दार उद्या पोस्टकार्डासाठी उघडणार नाही, याची हमी कोण देणार? 1898 चं कलम 108 आठवतंय ना? अठरा वर्षांनी, 23 जुलै 1916 ला, साठाव्या वाढदिवशी टिळकांना त्याचीच नोटीस आली. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून 20 हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. भाषणं पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपून घेतलेली. हायकोर्टात बॅरिस्टर जिनांनी बाजू लढवली आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला.

1 ऑगस्ट 1920 ला टिळक गेले. 1898 चा टपाल कायदा पुढे 2024 पर्यंत टिकला. 18 जून 2024 ला त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला. टपाल अडवायची, उघडायची तरतूद त्यातही आहे. कलमाचा नंबर तेवढा बदललाय, 26 चा 9 झालाय.