हात वर करून उडणारा वैमानिक

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, भंडारा शहर येण्याच्या थोडे अलीकडे शहापूर लागते. शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि परिसरात अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारी तरुण मंडळी, ही या गावाची अलीकडची ओळख. या मंडळींपैकी ज्याला संगणकावरील लढाऊ विमानांच्या खेळाचा नाद असेल, त्याला एक अनुभव नक्कीच परिचयाचा असणार. विमान उंचीवर पोहोचले, आता नकाशा पाहावा, रडारवर नजर टाकावी, म्हणून तो ऑटोपायलटची कळ दाबतो आणि विमान गचका खाऊन नाक तरी वर करते किंवा एका पंखावर कलते. खेळात याने फारसे बिघडत नाही. खेळ पुन्हा सुरू करता येतो. मात्र हात सोडायचा, विमान यंत्राच्या स्वाधीन करायचे आणि तेही गचका न बसता, हा प्रश्न प्रत्यक्ष आकाशात सोडविणाऱ्या लॉरेन्स स्पेरीला पुन्हा सुरुवात करण्याची सोय नव्हती.

लॉरेन्सचा जन्म २१ डिसेंबर १८९२ रोजी शिकागो येथे झाला. वडील एल्मर स्पेरी हे अमेरिकेतील नामांकित संशोधक. विजेच्या दिव्यांपासून खाणीतील यंत्रांपर्यंत त्यांनी अनेक क्षेत्रांत हात घातला. पण त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते जायरोस्कोपशी. जायरोस्कोप म्हणजे अखेर एक भोवरा. जोरात फिरणारा भोवरा आपली दिशा सोडायला तयार नसतो, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असते. भोवरा फिरत आहे तोवर जमीन कलली तरी तो आपला आस सोडत नाही. एल्मर स्पेरी यांनी या हट्टाचा उपयोग करून घेतला. समुद्रावर डोलणाऱ्या जहाजाला स्थैर्य देणारी यंत्रणा त्यांनी तयार केली, लोखंडी युद्धनौकांवर चुंबकीय होकायंत्र बिचकते म्हणून जायरोवर चालणारे होकायंत्र बनविले आणि १९१० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्पेरी जायरोस्कोप कंपनी स्थापन केली.

मुलाची ओढ मात्र पाण्याकडे नव्हती, आकाशाकडे होती. शाळकरी वयातच त्याने घरी ग्लायडर बांधण्याचा उद्योग आरंभिला. राइट बंधूंच्या उड्डाणाला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. विमान म्हणजे लाकडी काटक्या, कापड आणि तारा यांचा सांगाडा, आणि वैमानिक म्हणजे अपघाताची वाट पाहणारा मनुष्य, असाच सर्वसाधारण समज होता. तो अगदीच खोटा होता असेही म्हणता येत नाही. त्या काळचे विमान क्षणभरही स्वस्थ राहत नसे. वाऱ्याची झुळूक आली की पंख कलला, पंख कलला की तो हाताने सरळ करायचा, तोवर नाक खाली गेलेले. तास-दोन तासांच्या उड्डाणाने वैमानिक थकून जाई आणि ढगात शिरला तर वर कोणते, खाली कोणते याचाही त्याला पत्ता लागत नसे.

वडिलांचा भोवरा विमानात बसवावा ही कल्पना अशा वेळी सुचणे स्वाभाविक होते. अवघड होते ते तिला हवेत उतरविणे. जहाजाला स्थिर करणारा जायरो टनावारी वजनाचा असे. विमानाला ते ओझे पेलणारे नव्हते. तेव्हा भोवऱ्याने स्वतः विमान धरून ठेवायचे नाही, त्याने केवळ सरळ काय ते दाखवायचे आणि विमान त्यापासून किती ढळले हे ओळखून दुसऱ्या यंत्राने सुकाणू हलवायचे, असा मार्ग काढण्यात आला. आजच्या प्रत्येक ऑटोपायलटच्या मुळाशी हीच विभागणी आहे. लॉरेन्सने न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्ट येथे ग्लेन कर्टिस यांच्याकडे उड्डाण शिकून घेतले, १९१३ साली वैमानिकाचा परवाना मिळविला आणि कर्टिस यांच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानावर प्रयोग सुरू केले. आराखडे वडिलांच्या कारखान्यातील, जीव मुलाचा, अशी ती वाटणी होती. चार लहान जायरो, त्यांना फिरविणारी वीज आणि विमानाच्या वेगाने येणाऱ्या वाऱ्यावर फिरणारी एक छोटी पवनचक्की असा सारा संसार सुमारे १८ किलो वजनात बसविण्यात आला. विमानाचा वेग धोकादायक रीतीने घटला तर नाक आपोआप खाली करण्याची व्यवस्थाही त्यात होती.

१८ जून १९१४. पॅरिसजवळ बेझाँ येथे सीन नदीच्या काठावर विमानसुरक्षेची स्पर्धा भरली होती. फ्रान्समध्ये विमान अपघातांचे प्रमाण इतके वाढले होते की, उड्डाण सुरक्षित करणाऱ्या शोधासाठी मोठे बक्षीस लावण्यात आले होते. एकवीस वर्षांचा लॉरेन्स आणि त्याचा फ्रेंच मदतनीस एमिल काशँ असे दोघे विमान घेऊन परीक्षकांसमोरून गेले. पहिल्या फेरीत लॉरेन्सने यंत्र जोडले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. विमान जणू रुळावरून जावे तसे सरळ गेले. दुसऱ्या फेरीत काशँ आसन सोडून उजव्या पंखावर चालत गेला. एका बाजूला माणसाचे वजन पडताच विमान कलायला हवे होते. ते किंचित कलले, यंत्राने ते ओळखले, विरुद्ध बाजूची झडप फिरली आणि पंख पुन्हा समपातळीत आला. तिसऱ्या फेरीत तर एका पंखावर काशँ आणि दुसऱ्या पंखावर खुद्द लॉरेन्स! वैमानिकाचे आसन रिकामे होते. काठावरील गर्दीने काय जल्लोष केला असेल याची कल्पनाच केलेली बरी. नंतर फ्रेंच लष्कराच्या एका अधिकाऱ्याला सोबत घेऊनही त्याने यंत्राची करामत दाखविली. पन्नास हजार फ्रँकचे बक्षीस स्पेरींना मिळाले.

या प्रात्यक्षिकातील खरी कसोटी पंखावर चालण्याची होती असे सर्वांना वाटले. जाणकाराच्या दृष्टीने ती त्याआधीच, यंत्र जोडण्याच्या क्षणी, पार पडली होती. ऑटोपायलट विमानाला सरळ करीत नाही. त्याला जी स्थिती सरळ म्हणून ठाऊक आहे तिच्याकडे तो विमानाला ओढतो. वैमानिकाने विमान सोपविले तेव्हा ते वेगळ्याच स्थितीत असेल, तर यंत्र आपल्या परीने तत्परतेने काम करते आणि त्या तत्परतेचाच गचका बसतो. म्हणून विमान आधी हातानेच समतोलात आणावे लागते. वेग ठरावीक, पंख समपातळीत आणि ट्रिम अशी लावलेली की दांडी सोडली तरी नाक जागचे हलू नये. एवढे झाले की मग कळ दाबायची. ज्या विमानाला त्या क्षणी वैमानिकाची गरज उरलेली नाही, तेच विमान यंत्राच्या हाती द्यायचे. नंतरच्या काळात स्पेरी कंपनीने प्रवासी विमानांसाठी जी यंत्रणा बनविली, तिच्या तबकडीवर दोन खुणा असत. एक विमानाची स्थिती दाखविणारी, दुसरी यंत्राची. बटण फिरवून दोन्ही खुणा समोरासमोर आणायच्या आणि मगच यंत्राचा दांडा सावकाश सरकवायचा, असा नियम होता.

अशी यंत्रणा ज्यांत बसविलेली असे त्यांत डकोटा विमाने प्रमुख होती. १९४९ साली भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डकोटा विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. कलकत्त्याचे विमान भंडाऱ्याच्या बाजूनेच येई.

संगणकावरील खेळातही नियम तोच आहे. फरक इतकाच की, खऱ्या विमानातील दांडी हाताला विमानाचा ताण सांगते, टेबलावरची स्वस्त जॉयस्टिक काहीच सांगत नाही. खेळाडूने ती जराशी एका बाजूला धरून ठेवलेली असते, ऑटोपायलट सुटतो आणि विमान त्या बाजूला झेपावते. म्हणूनच सराईत खेळाडू यंत्र जोडताना ट्रिम पाहतो आणि सोडताना जॉयस्टिक मधोमध आहे ना, याची खात्री करून घेतो.

अनवधानाने यंत्र सुटण्याचा प्रसंग लॉरेन्सवरही ओढवला होता. नोव्हेंबर १९१६ मध्ये लाँग आयलंडच्या किनाऱ्यालगत तो एका श्रीमंत घरातील स्त्रीला उड्डाणाचे धडे देत होता. विमान ऑटोपायलटच्या ताब्यात होते. कोणाचा तरी धक्का यंत्राला लागला, ते सुटले आणि विमान उथळ पाण्यात कोसळले. दोघेही बचावले. या घटनेभोवती पुढे ज्या चटकदार कथा गुंफल्या गेल्या, त्यांनी लॉरेन्सच्या साऱ्या संशोधनापेक्षा अधिक प्रसिद्धी मिळविली, ही त्याच्या चरित्रातील एक दुर्दैवी बाब म्हटली पाहिजे.

बेझाँच्या विजयानंतर अवघ्या दहा दिवसांनी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली आणि युरोपात महायुद्ध पेटले. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी जन्माला आलेल्या यंत्राकडे सेनानी निराळ्या नजरेने पाहू लागले. विमान जर वैमानिकावाचून सरळ जाऊ शकते, तर त्यात वैमानिकाऐवजी स्फोटके का भरू नयेत? पीटर कूपर ह्यूइट या संशोधकाने ही कल्पना उचलून धरली, अमेरिका युद्धात उतरल्यावर १९१७ साली तेथील नौदलाने पैसा दिला आणि उडत्या बॉम्बचे काम स्पेरी पिता-पुत्रांकडे आले. लाँग आयलंडवर चाचण्या सुरू झाल्या. सुरुवातीच्या उड्डाणांत यंत्र चुकले तर विमान सावरण्यासाठी आत वैमानिक बसे. माणसावाचून विमान हवेत फेकण्याचे प्रयोग मात्र एकामागून एक फसत गेले. यंत्राची नेमकी जुळणी व्हावी म्हणून विमान चक्क मोटारीवर बसवून ती मोटार भरधाव पळविण्यात आली. अखेर ६ मार्च १९१८ रोजी एक विमान माणसावाचून सुटले, स्थिर उडाले आणि आधी ठरविलेल्या एक हजार यार्डांच्या अंतरावर खाली आले. आजच्या क्षेपणास्त्रांची आणि ड्रोनची वंशावळ शोधू गेल्यास ती या दिवसापर्यंत जाऊन पोहोचते. जवाहरनगरच्या शेजारी राहणाऱ्याला स्फोटकांचे काम काय असते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. लॉरेन्सच्या यंत्राने त्या स्फोटकांना दिशा दिली, हेही त्याच्या खात्यावर मांडावेच लागेल.

युद्धाच्याच काळात लॉरेन्सने वडिलांच्या छायेतून बाहेर पडून स्वतःची विमान कंपनी काढली. १९१८ साली मूकपटांतील अभिनेत्री विनिफ्रेड ॲलन हिच्याशी त्याचा विवाह झाला. पाठीवर किंवा आसनाखाली बांधता येईल असे पॅराशूट, आत ओढून घेता येणारी चाके, ढगात वळण ओळखून देणारे उपकरण अशा किती तरी गोष्टींवर त्याने काम केले. यांपैकी वळणदर्शकाचे मोल सर्वाधिक. डोळ्यांनी काही दिसत नसतानाही केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची विद्या ज्या थोड्या साधनांवर उभी राहिली, त्यांत त्याचे स्थान अग्रभागी आहे.

अमेरिकी लष्करासाठी त्याच्या कंपनीने मेसेंजर नावाचे चिमुकले विमान बांधले. त्याचा आराखडा आल्फ्रेड व्हर्व्हिल यांचा. पंखांचा विस्तार अवघा वीस फूट. निरोप पोहोचविण्याच्या कामी मोटारसायकलऐवजी वापरता यावे, इतके ते आटोपशीर होते. मार्च १९२२ मध्ये लॉरेन्सने ते थेट वॉशिंग्टन येथील संसद भवनासमोर उतरविले. त्याच विमानाचे वैमानिकरहित रूपही कंपनीने तयार केले आणि त्याच वर्षी दुसऱ्या विमानातून बिनतारी संदेश देत ते दूरच्या लक्ष्यापर्यंत नेऊन दाखविले.

१९२३ च्या हिवाळ्यात लॉरेन्स मेसेंजर घेऊन इंग्लंडमध्ये होता. युरोपात या विमानाला गिऱ्हाइके मिळावीत अशी त्याची खटपट चालली होती. १३ डिसेंबर रोजी तो एकटाच इंग्लिश खाडी ओलांडण्यासाठी निघाला. हवामान धुक्याचे होते. पलीकडच्या किनाऱ्यावर विमान पोहोचलेच नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर ते पाण्यात सापडले. आत कोणी नव्हते. जवळपास महिनाभराने, जानेवारी १९२४ मध्ये, लॉरेन्सचा मृतदेह समुद्रातून मिळाला. एकतिसावा वाढदिवस आठ दिवसांवर आला असताना तो गेला होता. मागे पत्नी आणि दोन लहान मुले होती.

एल्मर स्पेरी यांनी त्यानंतर साडेसहा वर्षे काम केले आणि १९३० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कंपनीने ऑटोपायलट सुधारत नेला. १९३३ साली विली पोस्ट याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा त्याच्या विमानात स्पेरी कंपनीचाच यंत्रचालक होता. वाटेत तो बिघडला, दुरुस्तीसाठी थांबावे लागले. तरीही सात दिवस आणि सुमारे १९ तासांत पोस्ट परतला. १९४७ साली अमेरिकी हवाई दलाच्या एका विमानाने उड्डाणापासून उतरण्यापर्यंत सारे काही यंत्राच्या हाती सोपवून अटलांटिक महासागर पार केला.

मेसेंजरचीही एक कामगिरी लॉरेन्सच्या पश्चात घडली. डिसेंबर १९२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, या विमानाने हवेत तरंगणाऱ्या लष्करी वायुनौकेखाली लटकविलेल्या आकड्यात स्वतःला अडकवून घेतले. वायुनौकेचा आणि विमानाचा वेग तंतोतंत जुळल्याखेरीज ते शक्य नव्हते. या जातीचे एक विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आजही आहे.