जुन्या नौकेचे नवे आयुष्य : कॅप्टन जोशुआ स्लोकम

आपल्या इंदिरानगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या माणसाची ओळख प्रत्येक कॅडेटला असायला हवी. त्याच्या पराक्रमाची सुरुवात एका कुरणात, टेकू देऊन उभ्या केलेल्या सडक्या होडीपाशी झाली.

जोशुआ स्लोकम यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. वडील बूट बनवत. शाळा लवकर सुटली आणि मुलगा त्याच कामाला जुंपला गेला; पण त्याचे लक्ष समुद्राकडे होते. चौदाव्या वर्षी तो घरातून पळाला आणि मासेमारीच्या नौकेवर स्वयंपाकी झाला. त्याचा स्वयंपाक खलाशांना रुचला नाही, नोकरी गेली. समुद्र मात्र सुटला नाही. सामान्य खलाशी म्हणून सुरुवात करून, रात्री अभ्यास करत, पंचविशीत त्यांनी कप्तानपद मिळवले.

स्लोकम नुसते नौका हाकणारे नव्हते, तर बांधणारेही होते. १८७० च्या दशकात फिलिपाइन्समध्ये त्यांनी एका आगबोटीचा सांगाडा बांधून दिला. मोबदल्यात त्यांना 'पाटो' नावाची, डेक नसलेली नौका मिळाली. ती सजवून त्यांनी उत्तर पॅसिफिकमध्ये मासेमारी केली आणि पुढे होनोलुलूला विकली. मग 'अमेथिस्ट' नावाचे जुने जहाज घेतले, लाकूड वाहून नेण्याच्या धंद्यात चालवले आणि १८८१ मध्ये हाँगकाँगला विकून अधिक मोठ्या जहाजात भागीदारी घेतली. जुन्या लाकडात काय टिकेल आणि काय टाकून द्यावे लागेल, हे त्यांना या व्यवहारांतून कळत गेले.

मग दैव फिरले. १८८४ मध्ये पत्नी व्हर्जिनिया यांचे निधन झाले. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांचे 'ॲक्विडनेक' हे जहाज रुतून फुटले. त्याचा विमा नव्हता. दुसरी पत्नी हेन्रिएटा आणि मुले परदेशात, हातात पैसा नाही. स्लोकम यांनी जहाजाचे उरलेले सामान आणि तिथले लाकूड घेऊन सुमारे ३५ फुटांची नौका बांधली. तिची शिडे हेन्रिएटा यांनी शिवली. १३ मे १८८८ रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली आणि त्याच दिवशी नौका पाण्यात उतरली, म्हणून तिचे नाव 'लिबेरदादे', म्हणजे स्वातंत्र्य. तिच्यातून सारे कुटुंब सुखरूप अमेरिकेला पोहोचले.

पण तिथे कामच नव्हते. आगबोटींनी शिडाच्या जहाजांचा धंदा बुडवला होता आणि शिडाचे कप्तान घरी बसले होते. १८९२ च्या हिवाळ्यात एबेन पीअर्स या देवमाशांच्या शिकारीतून निवृत्त झालेल्या ओळखीच्या कप्तानाने त्यांना एक नौका देऊ केली. दुरुस्ती तेवढी करावी लागेल, असे बजावून. फेअरहेवन गावी जाऊन पाहतात तो काय, कॅनव्हासखाली झाकलेला, वर्षानुवर्षे पडून असलेला 'स्प्रे' नावाचा सांगाडा! हा माणूस नौका मोडून लाकूड न्यायला आला असावा, असेच गावकऱ्यांना वाटले.

स्लोकम यांनी जवळच उभे असलेले ओकचे झाड तोडून नौकेचा नवा कणा केला. लाकूड वाफेवर मऊ करून, वाकवून बरगड्या बसवल्या. त्यांवर दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या ठोकल्या आणि फटींत कापूस व दोरखंडाचे तंतू ठासून भरले. सडलेला एकेक भाग निघत गेला, नवा बसत गेला. घाट मात्र जुन्या 'स्प्रे'चाच राहिला. तेरा महिन्यांची स्वतःची मेहनत आणि सामानाचे ५५३ डॉलर ६२ सेंट, इतक्यात ३६ फूट ९ इंच लांबीची नौका उभी राहिली.

२४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते बोस्टनहून निघाले. किमती कालमापक दुरुस्त करणे परवडले नाही, म्हणून फुटक्या तबकडीचे घड्याळ एका डॉलरला घेऊन निघाले. मॅगेलनची सामुद्रधुनी, सामोआ, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस, केप ऑफ गुड होप असा सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास करून २७ जून १८९८ रोजी ते न्यूपोर्टला परतले. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे प्रवासवर्णन आजही वाचले जाते.

आधीची जहाजे स्लोकम यांनी घेतली आणि विकली. 'स्प्रे' शेवटपर्यंत त्यांच्याजवळच राहिली. पण उतारवयात कप्तानही थकला आणि नौकाही. तिची देखभाल पूर्वीसारखी राहिली नव्हती, असे तिला पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे. साधारण १९०९ च्या नोव्हेंबरात ते तिच्यातून दक्षिणेकडे निघाले आणि दोघांचाही पुन्हा पत्ता लागला नाही. कारण कधीच उलगडले नाही.

कॅडेट मित्रांनो, १९८५ ते १९८७ या काळात आपल्या लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरच्या अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच कोअरच्या मद्रास सॅपर्सचे केंद्र आपल्या शेजारी हलसूर तलावाकाठी आहे. २०१० मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने जग फिरून आले. या वाटेवरचा पहिला माणूस नोकरी गेलेला पन्नाशीचा कप्तान होता. मिळालेली मोडकी वस्तू त्याने नाकारली नाही. तिचा एकेक दोष स्वतः शोधला आणि स्वतः दुरुस्त केला. आपली रायफल, आपले बूट, आपला अभ्यास रोज तपासताना ती नौका आठवावी. आणि एकदा केलेली दुरुस्ती जन्मभर पुरत नाही, हेही.