पदवी नसलेला प्राध्यापक : जॉर्ज बूल

आपल्यापैकी पुष्कळ जण बी. कॉम. झाल्यावर संगणकाच्या अभ्यासक्रमाकडे वळतात. तेथे आरंभीच ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’ नावाचा पेपर समोर उभा राहतो. गणित म्हटल्यावर सूत्रे आणि आकडेमोड असणार, अशा समजुतीने विद्यार्थी पुस्तक उघडतो आणि पाहतो तो काय, तर्काच्या प्रकरणात आकडे जवळजवळ नाहीतच! ‘जर’, ‘तर’, ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हेच शब्द पानोपानी. हे गणित की व्याकरण, असा प्रश्न पडतो. पाठांतरावर भिस्त ठेवणारा तर तेथेच हबकतो. या शब्दांना बीजगणितात आणून बसविले ते जॉर्ज बूल याने. त्याचे चरित्र पाहिले म्हणजे हा विषय आपल्याकडून काय मागतो, हे चांगले समजते.

जॉर्जचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत. परंतु त्यांचे मन धंद्यापेक्षा दुर्बिणी तयार करण्यात अधिक रमे. साहजिकच घरात पैशाची ओढाताण असे. जॉर्जचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. लॅटिन त्याला गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने शिकविले. ग्रीक तो आपला आपणच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे केलेले भाषांतर स्थानिक वृत्तपत्रात आले, तेव्हा एवढ्या लहान मुलाला हे जमणे शक्य नाही, अशी शंका एका शिक्षकाने जाहीरपणे काढली.

पुढे वडिलांचा धंदा बसला आणि सोळाव्या वर्षीच घराचा भार जॉर्जवर पडला. त्याने डॉन्कास्टर येथे साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. एकोणिसाव्या वर्षी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसभर मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात गणित वाचावे, असा त्याचा क्रम होता. लाक्र्वा, लाग्रांज, लाप्लास यांचे ग्रंथ फ्रेंच भाषेत होते, म्हणून तो फ्रेंचही शिकला. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि क्रमिक पुस्तक तिसरीतच, ही आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांची नेहमीची अडचण. जॉर्जला तर अडले तर विचारायला गुरूही नव्हता. त्यामुळे त्याची बरीच वर्षे खर्ची पडली. केंब्रिजला जाऊन पदवी घ्यावी असे मनात येई. पण आईवडिलांना कोण पोसणार? तो विचार त्याला सोडावा लागला.

तरीही त्याचे लेखन थांबले नाही. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाला रॉयल सोसायटीचे पदक मिळाले. १८४७ मध्ये तर्कशास्त्राच्या गणिती विश्लेषणावरील त्याचे छोटेसे पुस्तक निघाले. १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे नव्याने निघालेल्या क्वीन्स कॉलेजात गणिताचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती! तेथेच १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवरील त्याचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्याची मूळ कल्पना अगदी साधी आहे. समजा, आपल्या कॉलेजातील मराठी घेतलेले सर्व विद्यार्थी म्हणजे ‘क्ष’ आणि वसतिगृहात राहणारे सर्व म्हणजे ‘य’. मग ‘क्ष गुणिले य’ म्हणजे मराठी घेतलेले आणि वसतिगृहातही राहणारे. आता ‘क्ष गुणिले क्ष’ म्हणजे कोण? मराठी घेतलेल्यांतून पुन्हा मराठी घेतलेलेच निवडले, तर तेच विद्यार्थी उरणार. म्हणजे क्षचा वर्ग बरोबर क्ष. नेहमीच्या अंकगणितात हे फक्त दोनच संख्यांना लागू पडते : ० आणि १. शून्य म्हणजे कोणीच नाही, एक म्हणजे सगळे. एकातून क्ष वजा केला की मराठी न घेतलेले मिळतात. एकच विद्यार्थी दोन्हींकडे असू शकत नाही, हेही मग समीकरणानेच सिद्ध होते. बूलच्या पद्धतीत काही उणिवा होत्या. त्या जेव्हन्स, पर्स, श्रोडर आदींनी पुढे दूर केल्या. आज आपण शिकतो ते हे सुधारलेले रूप होय.

१८५५ मध्ये बूलचा विवाह मेरी एव्हरेस्ट हिच्याशी झाला. भारताचे सर्व्हेअर जनरल असलेले, ज्यांचे नाव हिमालयाच्या शिखराला दिले गेले, ते जॉर्ज एव्हरेस्ट हे तिचे काका. या दांपत्याला पाच मुली झाल्या. त्यांपैकी अ‍ॅलिशिया हिने पुढे चौथ्या मितीच्या भूमितीत नाव मिळविले. परंतु संसार जेमतेम नऊ वर्षांचाच ठरला. नोव्हेंबर १८६४ च्या अखेरीस बूल घरापासून सुमारे तीन मैल मुसळधार पावसात चालत कॉलेजात गेला. ओल्या कपड्यांनीच त्याने व्याख्यान दिले. त्याला थंडी भरली, दुखणे फुप्फुसांवर गेले आणि ८ डिसेंबर रोजी त्याचे निधन झाले. वय अवघे एकोणपन्नास!

आपल्या गणिताचे पुढे काय होणार, हे पाहायला तो उरला नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखविले की, विजेच्या बटनांची जोडणी बूलच्या बीजगणिताने मांडता येते. दोन बटने एकापुढे एक जोडली तर ‘आणि’, शेजारी शेजारी समांतर जोडली तर ‘किंवा’. संगणकाची सारी मंडले याच पायावर उभी आहेत.

मित्रहो, या पेपरात उत्तरापेक्षा उत्तरामागचे कारण मागतात. ‘सिद्ध करा’ असे म्हटले की पाठ केलेले ओळीने उतरवून भागत नाही. प्रत्येक पायरी कशावरून आली ते लिहावे लागते. सुरुवातीचे काही आठवडे जड जातात, तेव्हा छोटी छोटी उदाहरणे हाताने करून पाहावीत आणि सत्यता-सारण्या स्वतः मांडाव्यात. बारावीला गणित नव्हते किंवा शिक्षण मराठीतून झाले, म्हणून कच खाण्याचे कारण नाही. जोडे शिवणाऱ्याच्या मुलाने दिवसभर शाळा चालवून, गुरूवाचून हे सारे उभे केले. आपल्याला निदान शंका विचारायला प्राध्यापक तरी आहेत. त्यांना विचारायला लाजू नये, एवढेच!